भाड्याची गाणी

‘व्हाइस सिटी’ मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा त्या शहरातले सगळे रेडिओ मुके होते.

आमच्या तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर एक सायबर कॅफे होता. तासाला वीस रुपये. कॅफेवाल्या दादाने हा गेम कुठून तरी सीडीवर आणला होता. पायरेटेड होता हे वेगळं सांगायला नको. आम्हाला तर तो शब्दही माहीत नव्हता. अशा कॉप्यांमधून आकार कमी करायला आवाजाच्या जड फाइली काढून टाकलेल्या असायच्या. त्यामुळे गाडीत बसून स्टेशन बदललं की स्क्रीनवर नाव उमटायचं, फ्लॅश एफएम, व्ही-रॉक, इमोशन ९८.३, आणि पुढे नुसती इंजिनाची घरघर. आम्हाला वाटायचं, गेम असाच आहे. टॉमी व्हर्सेटीला गाणी आवडत नसतील.

नोकरी लागल्यावर तोच गेम रीतसर पैसे मोजून फोनवर घेतला. या वेळी रेडिओ वाजला, आणि काय वाजला! पण तोवर मी एक गोष्ट वाचून ठेवली होती. मूळ गेममध्ये सुरुवातीचा सौदा फिसकटतो, टॉमी जीव वाचवून पळतो, आणि तुम्ही पहिल्यांदा गाडी हातात घेता तेव्हा रेडिओवर मायकल जॅक्सनचं ‘बिली जीन’ लागतं. रात्र, निऑनचे दिवे, १९८६ साल आणि ती बेसची चाल. ज्यांनी २००२ साली हे पाहिलं ते लोक आजही त्याबद्दल पहिल्या पावसाबद्दल बोलावं तसं बोलतात. माझ्या फोनवर ते गाणं लागलं नाही. मी स्टेशनं फिरवत तासभर गाडी हाकली. नव्हतंच.

म्हणजे एकदा चोराच्या कात्रीने आणि एकदा वकिलाच्या कात्रीने, मला हा गेम दोन्ही वेळा कापलेलाच मिळाला. पहिली कात्री समजण्यासारखी आहे. दुसरी का चालली याचा शोध घेता घेता मी बराच मागे, पार १९९० पर्यंत गेलो, आणि गंमत म्हणजे तिथेही मायकल जॅक्सनच भेटला.

पण आधी गाणं विकत घेणं म्हणजे नेमकं काय, ते पाहून घेऊ. कारण गाणं विकत मिळत नाही. ते भाड्याने मिळतं.

पुण्यामुंबईत खोली भाड्याने घेतलेल्या प्रत्येकाला ‘लीव्ह अँड लायसन्स’ हा शब्द माहीत आहे. अकरा महिन्यांचा कागद, त्यावर अटी: कोण राहणार, किती दिवस, कशासाठी. गेममध्ये गाणं वापरायचा करारही याच जातीचा. फरक इतकाच की इथे घरमालक दोन असतात. गाण्याचे शब्द आणि चाल ही एक मिळकत. तिचे हक्क बहुधा संगीत-प्रकाशक कंपनीकडे असतात. आणि ते गाणं अमुक गायकाने अमुक स्टुडिओत गायलं, ते ध्वनिमुद्रण ही दुसरी मिळकत. ती रेकॉर्ड कंपनीची. सातबारे दोन, आणि दोन्हींवरच्या नावांची संमती लागते. चाल तिघांनी मिळून बांधली असेल तर तिघांची.

हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते २००५च्या ‘गिटार हिरो’मध्ये. त्यातली बहुतेक गाणी मूळ बँडची नव्हती. भाड्याने घेतलेल्या वादकांनी हुबेहूब वाजवलेल्या नकला होत्या. कारण सरळ होतं. नक्कल वाजवली की फक्त चालीच्या मालकाला पैसे द्यावे लागतात, मूळ ध्वनिमुद्रणाचं भाडं वाचतं. गेम लहान होता, खिसाही लहान होता.

आणि आणखी एक पाचर. गाणं गेममध्ये वाजवायची परवानगी म्हणजे त्या गेमच्या साउंडट्रॅकच्या अल्बमवर छापायची परवानगी नव्हे. तो वेगळा कागद, वेगळी बोलणी. ‘व्हाइस सिटी’ आला त्याच सुमाराला त्याच्या साउंडट्रॅकचा सात सीड्यांचा संच निघाला, सात संगीत स्टेशनांसाठी सात सीड्या. इतका मोठा संच काढूनही गेममधली सगळी गाणी त्यावर आली नाहीत. म्हणजे गेम नवा करकरीत असतानाच त्याचा साउंडट्रॅक अपुरा होता.

आता जॅक्सनकडे.

१९९० साली सेगाने ‘मूनवॉकर’ काढला. पांढरा सूट, पांढरी हॅट, नाचत नाचत गुंडांना लोळवणारा मायकल. घरच्या मेगा ड्राइव्ह मशीनवरच्या आवृत्तीत पाच गाजलेल्या चाली वाजतात, ‘स्मूथ क्रिमिनल’, ‘बीट इट’, ‘बिली जीन’, ‘बॅड’ आणि ‘अनदर पार्ट ऑफ मी’. आता या यादीत काय नाही ते पाहा. ‘थ्रिलर’ नाही. गेममध्ये स्मशान आहे, थडग्यांतून उठून येणारी भुतं आहेत, आणि तिथे वाजतं काय, तर ‘अनदर पार्ट ऑफ मी’. हा गेम लहानपणी खेळलेल्या कुणालाही विचारा, हा खडा त्याला तेव्हाच लागलेला असतो. वर दिलेली पाचही गाणी जॅक्सनने स्वतः लिहिलेली आहेत. ‘थ्रिलर’ लिहिलं होतं रॉड टेम्परटन या इंग्रज गीतकाराने. मेगा ड्राइव्हच्या चिपवर मूळ ध्वनिमुद्रण वाजायचा प्रश्नच नव्हता, नुसती चाल वाजायची. म्हणजे लागणार होती ती चालीच्या मालकाची परवानगी. त्यामुळे हा निव्वळ योगायोग असेल असं मला वाटत नाही. जगातला सगळ्यात मोठा पॉपस्टार स्वतःच्या नावाच्या गेममध्ये, आणि स्वतःच्या सगळ्यात प्रसिद्ध गाण्यासाठी त्याला दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागणार होतं.

हा धंदा जॅक्सनला कळत नव्हता असं समजू नका. तो त्यातला पक्का होता. गाण्यांच्या हक्कांत किती पैसा आहे हे त्याला पॉल मॅकार्टनीने सांगितलं होतं, आणि १९८५ साली त्याने ४ कोटी ७५ लाख डॉलर मोजून एटीव्ही ही प्रकाशन कंपनी विकत घेतली. तिच्या पोटात लेनन आणि मॅकार्टनी यांची अडीचशेच्या आसपास गाणी होती. म्हणजे ज्याने कानमंत्र दिला त्याच्याच गाण्यांचा मालक जॅक्सन झाला. मॅकार्टनीला हे आयुष्यभर खुपलं. तेव्हा गाण्यांच्या जगात जॅक्सन भाडेकरूही होता आणि घरमालकही.

सेगाच्या जुन्या गेमचे पुढे कितीतरी संग्रह निघाले. ‘मूनवॉकर’ त्यात शोधून सापडत नाही.

१९९४च्या फेब्रुवारीत ‘सॉनिक ३’ आला. या गेमच्या संगीताची हकीकत एखाद्या रहस्यकथेसारखी आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

पहिल्या दोन सॉनिकचं संगीत मासातो नाकामुरा यांनी दिलं होतं. हे गेम कंपनीतले नोकर नव्हते. ‘ड्रीम्स कम ट्रू’ या जपानमधल्या प्रचंड लोकप्रिय बँडचे बेस वाजवणारे. त्या चालींवरचा आपला हक्क त्यांनी सोडला नाही. परिणाम असा की १९९१ साली जगभर घराघरांत वाजलेल्या ग्रीन हिल झोनच्या मूळ संगीताचा रीतसर अल्बम बाजारात यायला २०११चा ऑक्टोबर उजाडला. वीस वर्षं. पहिला सॉनिक खेळताना जे मूल दहा वर्षांचं होतं ते तिशीत पोचल्यावर त्याला तो अल्बम मिळाला. पण मिळाला तरी, कारण मालक एक होता, ठाऊक होता आणि जिवंत होता.

तिसऱ्या भागाचं नशीब वेगळं निघालं. सेगाच्या अमेरिकेतल्या स्टुडिओत जॅक्सन येऊन गेला. तो सॉनिकचा चाहता होता. त्याच्यासोबत काम करणारे संगीतकार, ब्रॅड बक्सर आणि मंडळी, गेमच्या संगीतावर कामाला लागले. गेम बाहेर पडला तेव्हा श्रेयनामावलीत बक्सर आणि त्याच्या साथीदारांची नावं होती. जॅक्सनचं नव्हतं.

का नव्हतं, याच्या दोन कहाण्या आहेत. सेगाच्या बाजूच्या लोकांचं म्हणणं असं की १९९३ साली जॅक्सनवर बाल-अत्याचाराचे आरोप झाले आणि त्याचं काम वगळलं गेलं. बक्सरने २००९ साली एका फ्रेंच मासिकाला सांगितलं ते वेगळंच: जॅक्सनने काम केलं होतं, पण त्या मशीनमधून निघणारा आवाज त्याला पसंत पडला नाही, म्हणून त्याने नाव लावू दिलं नाही. शिवाय गेमच्या शेवटी नावं सरकताना जे संगीत वाजतं त्यातूनच पुढे जॅक्सनचं ‘स्ट्रेंजर इन मॉस्को’ आलं, असंही तो म्हणाला. दोन्ही एकापाठोपाठ ऐकून पाहा. कान असलेल्या माणसाला पुरावा लागत नाही.

बर्फाच्या पातळीचं, आइसकॅप झोनचं संगीत तर आणखी जुनं निघालं. बक्सर ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ‘जेट्झन्स’ नावाच्या बँडमध्ये होता. त्यांनी ‘हार्ड टाइम्स’ नावाचं गाणं ध्वनिमुद्रित केलं आणि ते तसंच पडून राहिलं. २००८ साली ते प्रकाशित झालं, आणि २०१३च्या सुमाराला चाहत्यांपैकी कुणाच्या तरी ध्यानात आलं की अरे, हे तर आइसकॅप!

आता कंपनीच्या वकिलाच्या खुर्चीत बसून बघा. गेम तुमचा आहे. त्यातलं एक संगीत एका बँडच्या जुन्या गाण्यातून आलंय. काही चालींमध्ये अशा माणसाचा हात आहे ज्याचं नाव कागदावर नाही, आणि त्याच्या पश्चात त्याच्या इस्टेटीचे राखणदार जागे आहेत. कागद नेमके काय होते हे बाहेरच्या कुणी पाहिलेलं नाही. पण सेगाचं वागणं सगळ्यांनी पाहिलंय. १९९७ साली पीसीसाठी ‘सॉनिक अँड नकल्स कलेक्शन’ निघालं तेव्हा कार्निव्हल नाइट, आइसकॅप आणि लाँच बेस या तीन पातळ्यांचं संगीत बदललेलं होतं. मग मधल्या काळात कधी मूळ गेम जसाच्या तसा पुन्हा विकला गेला, अगदी स्टीमवरसुद्धा. २०२२च्या मे महिन्यात तो तिथून काढला, आणि जूनमध्ये ‘सॉनिक ओरिजिन्स’ आला, त्यात त्याच तीन पातळ्या पुन्हा बदललेल्या संगीतासकट. त्या दिवशी सॉनिकच्या मूळ शिल्पकारांपैकी एक असलेल्या युजी नाका यांनी ट्विटरवर आश्चर्य व्यक्त केलं की संगीत बदललं की काय, ते तर मायकल जॅक्सनचं होतं. अठ्ठावीस वर्षं जी गोष्ट कंपनीने ना हो म्हटली ना नाही, ती अशी एका ट्विटमध्ये फुटली.

अजून एक गाठ आहे. २०१९ साली ‘सॉनिक ३’ची ३ नोव्हेंबर १९९३ या तारखेची एक कच्ची प्रत गेम जतन करणाऱ्यांच्या हाती लागली. तीत त्या तीन पातळ्यांवर वाजत होतं ते १९९७च्या पीसी आवृत्तीतलं ‘बदललेलं’ संगीत! म्हणजे ज्याला सगळे नंतर चिकटवलेलं ठिगळ समजत होते, ते आधीचं कापड होतं. तेव्हा मूळ साउंडट्रॅक म्हणायचं तरी कशाला? जो आधी रचला त्याला, की जो १९९४ साली लाखो पोरांच्या कानावर पडला त्याला? मी दुसऱ्याच्या बाजूने आहे. पण हे मी त्या पोरांपैकी एक नसताना म्हणतोय, तेव्हा माझ्या मताला किती किंमत द्यायची ते तुम्ही ठरवा.

पहिल्या दोन भागांसारखा अल्बमचा सोहळा तिसऱ्याच्या वाट्याला काही आला नाही.

‘व्हाइस सिटी’वाल्या रॉकस्टार कंपनीची गोष्ट याच्या अगदी उलट. तिथे कसलंही गूढ नाही. कागद होते, पक्के होते, आणि त्यांची मुदत संपली. ‘व्हाइस सिटी’ २००२चा. २०१२च्या नोव्हेंबरात तो स्टीमवरून काही काळ गायब झाला आणि परतला तो जॅक्सनच्या गाण्यांविना. दहाव्या वाढदिवसानिमित्त फोनवर आला तोही त्यांच्याविनाच, म्हणजे मी घेतला तो. ‘सॅन अँड्रियास’ २००४चा. २०१४च्या नोव्हेंबरात एक अपडेट आला आणि दीड डझनाच्या आसपास गाणी गेली. ज्यांनी आधीच विकत घेतला होता त्यांच्याही कॉम्प्युटरवर हा अपडेट जाऊन बसला, वर जुने सेव्ह चालेनासे झाले. ‘जीटीए ४’ आला २००८च्या एप्रिलमध्ये. २०१८च्या एप्रिलमध्ये त्याची पाळी आली. २००२ ते २०१२, २००४ ते २०१४, २००८ ते २०१८. कराराचा कागद न बघताही मुदत सांगता येते.

यातलं ‘जीटीए ४’चं प्रकरण मला सगळ्यात जास्त लागतं. त्या गेमचा नायक निको बेलिक पूर्व युरोपातून बोटीने अमेरिकेत येतो. चुलतभाऊ रोमन त्याला बंगल्यांच्या आणि बायकांच्या थापा मारून बोलावून घेतो, आणि प्रत्यक्षात झुरळं फिरणारी एक खोली निघते. अशा या पोराच्या कानावर सुरुवातीपासून पडतं ते व्लादिवोस्तोक एफएम. निवेदिका होती युक्रेनची गायिका रुस्लाना, आणि गाणी रशिया-युक्रेनकडची, त्यात ‘किनो’ या सोव्हिएत काळातल्या रॉक बँडचंही. परमुलखात टॅक्सी चालवणाऱ्या माणसाचं गाव त्या रेडिओत होतं. आखातात ट्रक चालवणारा कोकणातला माणूस मोबाइलवर भजनी डबलबारी लावून ठेवतो ना, तसं. २०१८ साली जवळजवळ ते अख्खं स्टेशनच बदललं. नवी गाणीही रशियनच घातली, वाईट नाहीत, बरी आहेत. पण निकोचं गाव बदललं.

हे मुळात दहाच वर्षांचे करार केले कुणी, असा राग येतो. मलाही आला. मग २००२ साली जाऊन विचार केला. एखादा गेम तेव्हा किती जगायचा? मशीनची पिढी बदलेपर्यंत, पाच-सहा वर्षं. गेम डबीत यायचा, डबी विकली की संपलं. पुन्हा विकायला मिळणार नाही आणि नंतर आत हात घालून काही काढून घेताही येणार नाही. स्टीम सुरू झालं २००३च्या सप्टेंबरात. वीस वर्षांनी तुम्ही-आम्ही हाच गेम खिशातल्या फोनवर उघडू, ही कल्पना करून त्यासाठी शंभराच्या घरातल्या गाण्यांचं जास्तीचं भाडं भरायला कुठल्या हिशेबनिसाने मान डोलावली असती? दहा वर्षं तेव्हा ऐसपैस वाटली असणार.

आणि मालकाची बाजूही ऐकली पाहिजे. जॅक्सनची इस्टेट किंवा मोठी रेकॉर्ड कंपनी सोडा. २०२४च्या सप्टेंबरात ‘हेवन १७’ या ब्रिटिश बँडच्या मार्टिन वेअर यांनी जाहीरपणे सांगितलं की त्यांचं १९८३चं ‘टेम्प्टेशन’ हे गाणं ‘जीटीए ६’साठी मागितलं गेलं, आणि देऊ केले गाणं लिहिणाऱ्या तिघांना प्रत्येकी ७,५०० डॉलर, एकरकमी, पुढची सगळी रॉयल्टी त्यातच. त्यांनी नाही म्हटलं. ‘जीटीए ५’च्या २० कोटींवर प्रती विकल्या गेल्यात, तेव्हा तो आकडा ऐकून त्यांचं डोकं फिरलं यात नवल नाही. माझा आपला अंदाज: मुदतीच्या करारांनी २०१२ ते २०१८ अशी तीनदा अद्दल घडल्यावर कंपन्यांना आता एकदाच पैसे टाकून कायमचं मोकळं व्हायचंय. तसं झालं तर खेळणाऱ्याचं गाणं वाचेल, आणि गाणाऱ्याचं पोट मारलं जाईल.

एकरकमी ही गोष्ट मुंबईच्या सिनेसंगीताला नवी नाही. पिढ्यान्‌पिढ्या गीतकार-संगीतकारांनी एकदाच पैसे घेऊन हक्क लिहून दिले आणि गाणं पन्नास वर्षं वाजत राहिलं. जावेद अख्तर यांनी हा प्रश्न राज्यसभेत लावून धरला आणि २०१२च्या मे महिन्यात संसदेने कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती केली. सिनेमागृहाबाहेर गाणं वापरलं गेलं तर रॉयल्टीतला वाटा लेखक-संगीतकाराला सोडून देताच येणार नाही, अशी. त्याच २०१२ सालात ‘बिली जीन’ माझ्या गेममधून गेलं. या दोन बातम्या मी एकाच वर्षाच्या म्हणून लक्षात ठेवल्यात. पहिलीला टाळ्या वाजवायच्या आणि दुसरीला शिव्या घालायच्या, हे करताना मला थोडं अवघडल्यासारखं होतं.

सगळेच हात टेकून बसले असंही नाही. सेगाने २०१० साली ‘क्रेझी टॅक्सी’ पुन्हा काढला तो ‘ऑफस्प्रिंग’ आणि ‘बॅड रिलिजन’ यांच्या गाण्यांविना. टॅक्सी तीच, पण ज्याने आर्केडमध्ये ती चालवली त्याला पहिल्याच वळणावर कळलं. उलट ‘टोनी हॉक’चे पहिले दोन भाग २०२० साली नव्याने केले तेव्हा जुन्या यादीतली बहुतेक गाणी एकेक करून पुन्हा मिळवली गेली. काही सुटली. पण ‘गोल्डफिंगर’चं ‘सुपरमॅन’ पहिल्या स्केटबोर्डला हजर होतं.

आणि मग ‘अ‍ॅलन वेक’. फिनलंडच्या रेमेडी स्टुडिओचा हा २०१० सालचा गेम टीव्ही मालिकेसारखा भागांमध्ये बांधलेला आहे, प्रत्येक भागाच्या शेवटी एक गाणं. शेवटच्या भागाच्या शेवटी डेव्हिड बोवीचं ‘स्पेस ऑडिटी’. २०१७च्या मे महिन्यात या गाण्यांची मुदत संपायला आली, तेव्हा स्टुडिओने गाणी कापली नाहीत. सरळ सांगितलं की १५ तारखेपासून गेमच विकायचा बंद; तोवर हवा असेल त्याने नव्वद टक्के सवलतीत घेऊन ठेवा. दुकान बंद करताना वाटून टाकतात तसं. पुढे मायक्रोसॉफ्टच्या मदतीने करार नवे झाले आणि २०१८च्या ऑक्टोबरात गेम परतला, गाण्यांसकट.

पण याच गेममध्ये दुसरीही एक सोय करून ठेवलेली होती. कथेत ‘ओल्ड गॉड्स ऑफ असगार्ड’ नावाचा म्हाताऱ्या रॉकरांचा बँड आहे. त्यांची गाणी प्रत्यक्षात गायली होती ‘पोएट्स ऑफ द फॉल’ या फिनिश बँडने, खास गेमसाठी. रेमेडीशी त्यांची सोयरीक २००३च्या ‘मॅक्स पेन २’पासूनची. ‘अ‍ॅलन वेक २’ २०२३ साली आला तेव्हा त्यात एक अख्खा संगीत-प्रवेश होता, ‘हेराल्ड ऑफ डार्कनेस’, आणि गाणारे हेच खोटे-खरे म्हातारे. भागांच्या शेवटची गाणीही या वेळी नव्याने लिहून घेतलेली. भाड्याच्या घरातून एकदा सामान बाहेर निघालेलं पाहिल्यावर माणूस पहिली संधी मिळताच स्वतःचं घर बांधतो, त्यातलाच प्रकार.

तरी माझं मन ‘व्हाइस सिटी’पाशी अडतं, कारण तिथे घरचं गाणं चाललंच नसतं. ते शहर १९८६ सालाचं आहे हे आपल्याला पटतं ते जॅक्सनमुळे. स्टुडिओने स्वतः बनवलेलं ऐंशीच्या दशकासारखं गाणं म्हणजे नाटकातली पुठ्ठ्याची भिंत. काही गेमना दुसऱ्याचीच गाणी लागतात, आणि तेच गेम सगळ्यात आधी कुरतडले जातात. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली मोजदाद केली: २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज दुकानात मिळत नाहीत. यात सगळेच संगीतापायी गेले असं नाही. पण ‘व्हाइस सिटी’ या मोजदादीत मिळणाऱ्यांमध्ये बसतो, जिवंत म्हणून. २०२१ची नवी आवृत्ती आहे, फोनवर आहे. ‘बिली जीन’ त्यात कुठेच नाही.

२०२५च्या जानेवारीपासून कॅलिफोर्नियात कायदा आहे की डिजिटल वस्तू विकताना तुम्ही मालकी देत नसून लायसन्स देत आहात हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं लागेल. त्याआधीच स्टीमवर पैसे भरण्याच्या पानावर तशी ओळ दिसू लागली. म्हणजे कंपनीने गाणं भाड्याने घेतलं, आणि मी कंपनीकडून गेम भाड्याने घेतला. पोटभाडेकरू. मला आपलं वाटत होतं की मी दुकानातून वस्तू आणली.

गेल्या दिवाळीत आतेभावाच्या घरी माळा आवरताना ‘व्हाइस सिटी’ची अस्सल प्रत सापडली. पीसीची, २००३ची, दोन सीड्या, एक इन्स्टॉलची आणि एक खेळताना आत ठेवायची. पुण्यात शिकत असताना त्याने मेसचे पैसे वाचवून घेतली होती म्हणे. “घेऊन जा तू,” तो म्हणाला, “आमच्याकडे आता चालवायला काही नाही.” दुसऱ्या सीडीवर एक लांब ओरखडा आहे, पण उजेडात धरून पाहिला, खोल नाही. या सीडीपर्यंत कुठलाही अपडेट पोचलेला नाही.

माझ्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाही. बाहेरून जोडायचा एक ऑनलाइन मागवलाय. मंगळवारपर्यंत येईल असं दाखवतंय.